माहेर तुटल्यानंतरची गोष्ट : मराठी ख्रिस्ती स्त्रियांच्या कथनाची प्रस्तावना

श्रद्धा, घर आणि मैत्रिणी यांभोवती फिरणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांच्या गोष्टीचे मराठीतले वय मराठी कादंबरीइतकेच आहे. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून वाङ्मयाचे इतिहास त्याची नोंद करतात. तिची नायिका यमुना मनाने ख्रिस्ती झालेली आहे, पण संसार हिंदू घरात करते आहे. नवऱ्याबरोबर, विनायकरावांबरोबर, ती प्रवासाला निघते. वाटेत तिला विधवा भेटतात आणि प्रत्येकीची कहाणी ती ऐकून घेते. पुढे तिच्यावरही वैधव्य येते. सासरचे लोक केशवपनाचा आग्रह धरतात, ती त्यातून सुटते, उघडपणे ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ सालचा, म्हणजे पुस्तकाच्या आदल्याच वर्षीचा. कथेने कायद्याच्या पाठोपाठ लगेच पाऊल टाकले, असे मराठीत पुढे फारसे घडले नाही.

ही गोष्ट एवढ्या लवकर छापली गेली याचे कारण छापखाना हाताशी होता. मिशनांना वाचक हवे होते आणि वाचकांत बायका हव्या होत्या. जॉन बन्यनच्या रूपककथेचे हरी केशवजी यांनी केलेले मराठी रूपांतर ‘यात्रिकक्रमण’ १८४१ साली निघाले. पुढच्याच वर्षी अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईत आली, नंतर अहमदनगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. तिच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या होत्या. १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदया’नेच छापला. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. पण शिकलेल्या मुलीचे बोलणे जसेच्या तसे छापावे, ही सवय तेव्हा ज्या थोड्या ठिकाणी होती त्यांत हे पत्र होते.

याच सुमारास बंगालीत हॅना कॅथरिन मलेन्स यांचे ‘फुलमणि ओ करुणार विवरण’ हे पुस्तक १८५२ साली निघाले आणि पुढे अनेक भारतीय भाषांत गेले. फुलमणी आणि करुणा या एकाच वस्तीतल्या दोन ख्रिस्ती बायका. एकीचे घर नीटनेटके आणि प्रार्थनेचे, दुसरीचा नवरा दारुडा आणि घर विस्कटलेले. शेजारणीच्या संगतीने करुणा सावरते. कथा सांगणारी मात्र एक युरोपीय बाई आहे. ती घरोघर जाते, पाहते आणि मत देते. पुढच्या कितीतरी मिशनरी गोष्टींनी हाच साचा वापरला : चांगली शेजारीण, बिघडलेला नवरा, एखादे आजारपण, एक मृत्यू आणि शेवटी पालटलेले घर. साचा भाबडा आहे. तरी दोन गरीब बायकांची मैत्री हा पुस्तकाचा विषय होऊ शकतो, हे या गोष्टींनी पहिल्यांदा दाखवले. त्या काळच्या छापील मराठीत राजे, साधू, शूर पुरुष आणि पऱ्या भरपूर होत्या, शेजारीण नव्हती.

‘यमुनापर्यटना’त मैत्रीला अजून जीव नाही. यमुनेला भेटणाऱ्या विधवा तिच्या मैत्रिणी होत नाहीत. त्या साक्षीदार म्हणून येतात, जबानी देतात आणि जातात. लेखकाला खटला चालवायचा आहे, आणि तो त्याने उत्तम चालवला आहे. यमुनेला एकटेपणा कसा वाटला असेल, स्वयंपाकघरात ती कोणाशी बोलत असेल, याची त्याला फारशी उत्सुकता नाही.

हा एकटेपणा मात्र खरा होता आणि या साहित्याचा सगळा जीव त्यातच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या उच्चवर्णीय घरात पुरुषाने बाप्तिस्मा घेतला की पंगत तुटे, पाणी तुटे, मुलांच्या सोयरिकी तुटत. धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये अशी तरतूद १८५० च्या कायद्याने केली होती. धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडून दिले तर विवाह रद्द करून घेण्याची वाट १८६६ च्या कायद्याने दिली. पण बाळंतपणाला कोणाकडे जायचे, दिवाळीत ओवाळायला कोण येणार, दुखण्याखुपण्यात उशाशी कोण बसणार, याला कोणत्याही कायद्यात कलम नव्हते. पुरुषाला मिशनची नोकरी, वादविवाद, प्रवचन यांत नवी माणसे मिळत. बाईचे माहेर तुटे. त्या जागी कोणीतरी हवे असे, आणि ते कोणीतरी बहुधा दुसरी बाईच असे : मिशनची डॉक्टरीण, बोर्डिंगातली सोबतीण, पाळकीणबाई किंवा आपल्यासारखीच माहेर तुटलेली शेजारीण. मराठी ख्रिस्ती स्त्रियांच्या उत्तम लेखनात मैत्रीला जे वजन आहे ते या गरजेतून आले आहे.

कृपाबाई सत्यनाथन यांच्या लेखनात ते पहिल्यांदा नीट दिसते. त्या १८६२ मध्ये अहमदनगरला हरिपंत आणि राधाबाई खिस्ती यांच्या पोटी जन्मल्या. आईवडील ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७८ मध्ये त्या दाखल झाल्या, पण प्रकृतीने साथ दिली नाही. सॅम्युअल सत्यनाथन यांच्याशी विवाह झाल्यावर त्या लिहू लागल्या आणि १८९४ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, वारल्या. ‘सगुणा’ ही त्यांची आत्मचरित्रात्मक कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रासच्या नियतकालिकातून क्रमशः आली आणि १८९५ मध्ये पुस्तकरूपाने. तिचा आरंभ नायिकेपासून न होता तिच्या आईपासून होतो. नवऱ्याने धर्म बदलला, म्हणून मनाविरुद्ध त्याच्यामागे गेलेली ती बाई हळूहळू त्या श्रद्धेत रुजते. मुलगी मात्र जन्मतःच त्या श्रद्धेतली. तिची भांडणे वेगळी आहेत : पुस्तके, शिक्षण, भावाचा धाक आणि त्याच्यावरची माया, बोर्डिंगातल्या मुलींचे हेवेदावे, तिला वैद्यकाची वाट दाखवणाऱ्या बाई. दोन पिढ्यांची श्रद्धा एकसारखी नसते, ही जाण इथे आहे आणि ती ‘यमुनापर्यटना’च्या पुष्कळ पुढची आहे.

त्यांची दुसरी कादंबरी ‘कमला’ १८९४ ची. तिच्यातली नायिका हिंदू आहे, पाण्यावर आणि देवळात जमणाऱ्या सासुरवाशिणींच्या घोळक्यात ती वावरते, आणि विधवा झाल्यावर समोर आलेला पुनर्विवाह ती नाकारते. ख्रिस्ती लेखिकेने नायिकेला बाप्तिस्मा दिला नाही की दुसरे लग्नही लावून दिले नाही, ही गोष्ट लेखिकेच्या सचोटीबद्दल बरेच सांगते. दोन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत. नगरच्या घरात मराठी बोलत वाढलेल्या मुलीचे हे लेखन मराठीत झाले नाही, हा मराठी कादंबरीचा मोठाच तोटा. शेवंतीबाई निकंबे यांची ‘रतनबाई’ हीसुद्धा १८९५ मध्ये लंडनहून इंग्रजीतच निघाली. मुंबईतल्या बालवधूची शाळा बंद पडते आणि नवऱ्याच्या पाठिंब्याने पुन्हा सुरू होते, एवढीच तिची गोष्ट. पुस्तक लहान आहे, गोड आहे आणि थोडे जास्तच सरळ आहे.

पंडिता रमाबाईंनी कादंबरी लिहिली नाही, तरी त्यांना वगळून हा विषय पुढे सरकत नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले आणि नंतर केडगावला मुक्ती मिशन उभे केले. तिथल्या छापखान्यात बायका खिळे जुळवत. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, पूर्ण छापून आले. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई ही पुढे आनंदीबाई कर्वे झाली. ती हिंदूच राहिली आणि ‘माझे पुराण’ या आठवणींत तिने ते दिवस लिहिले. एकाच छपराखाली एक बाई ख्रिस्ती होते, दुसरी होत नाही, आणि दोघींचे एकमेकींवाचून चालत नाही. पुण्यातल्या वर्तमानपत्रांनी धर्मांतरावरून केवढे तरी वादळ उठवले. त्या वादळाच्या आतले हे घर पाहायचे तर बायकांच्या आठवणीच वाचाव्या लागतात. डॉ. आनंदीबाई जोशी आणि न्यू जर्सीतल्या मिसेस कार्पेंटर यांचा स्नेह याच जातीचा. एक कर्मठ हिंदू, दुसरी ख्रिस्ती. आनंदीबाईंनी तिला मावशी मानले आणि आनंदीबाईंच्या अस्थींना अखेर जागा मिळाली ती कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत. मराठी वाचकाला ही मैत्री पोहोचली श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’मधून.

या सगळ्या वाटा जिथे येऊन मिळतात ते पुस्तक कादंबरी नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाली. जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका अकराव्या वर्षी कवी नारायण वामन टिळकांची बायको, लक्ष्मीबाई, झाली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि तिचा संसार दुभंगला. पुढची काही वर्षे तिने मुलाला घेऊन नातलगांकडे काढली. मग ती नवऱ्याजवळ गेली, पण चूल वेगळी ठेवून. कोणाच्या हातचे पाणी प्यावे या एका प्रश्नाशी तिची झुंज चालली. ती तिने ग्रंथ वाचून सोडवली नाही. स्वतःशी वाद घालत, रोजच्या भांड्याकुंड्यांत वावरत ती सोडवली. जात माणसाने केली हे एकदा मनाला पटल्यावर सोवळे गळून पडले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

या पुस्तकात उपदेश जवळजवळ नाही. देवाचे नाव येते ते बहुधा हसण्याच्या किंवा रडण्याच्या लगेच पुढेमागे. घरात पैसा टिकत नाही, कारण टिळक तो वाटून मोकळे होतात. परक्यांची मुले घरात येतात आणि घरची होतात. बाई चिडते, हसते आणि पुन्हा चूल पेटवते. सोवळ्याच्या वेडाने घर जाचणाऱ्या वडिलांबद्दलही ती कडवटपणे लिहीत नाही. मिशनच्या गोऱ्या बायका तिच्या चित्रांत देवदूत म्हणून येत नाहीत आणि खलनायिका म्हणूनही नाहीत. चांगल्या मनाच्या, कधी कधी घोटाळा करणाऱ्या शेजारणी म्हणून येतात. माहेर तुटूनही पुरते तुटत नाही, हे तिच्याइतके कोणी दाखवलेले नाही. बहीण, नणंदा, भाचरे यांचे येणे-जाणे चालू राहते, फक्त ताटाची जागा बदलते. टिळकांचे अपुरे काव्य ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे कामही तिने केले, तेही जेमतेम लिहाय-वाचायला शिकलेल्या बाईने. मन निववणारे ख्रिस्ती लेखन कसे असावे असे कोणी विचारले तर मराठीने याच पुस्तकाकडे बोट दाखवावे. त्यात गोडवा आहे, पण तो दुःखाला बगल देऊन आलेला नाही.

इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेत, या प्रकारच्या कादंबऱ्यांचा स्वतंत्र बाजार आहे. कॅथरिन मार्शल यांची ‘क्रिस्टी’ १९६७ ची, जेनेट ओक यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ १९७९ ची. डोंगरातली शाळा, माळरानावरचे घर, प्रार्थना, उशिरा उमलणारे प्रेम आणि वाईट वागणाऱ्या माणसालाही अखेर मिळणारी क्षमा हे त्यांचे नेहमीचे साहित्य. मराठीत असा बाजार नाही. तरी याच घराण्यातली एक कादंबरी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली आहे. लुइसा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’चे शांता शेळके यांनी केलेले रूपांतर ‘चौघीजणी’. मूळ पुस्तक निघाले १८६८ मध्ये, लक्ष्मीबाई जन्मल्या त्याच वर्षी. त्यातल्या बहिणी बन्यनचे जे पुस्तक आयुष्याची वाट म्हणून हाती धरतात, तेच हरी केशवजींनी सत्तावीस वर्षे आधी मराठीत आणलेले होते. मराठी वाचकाने ‘चौघीजणी’ ख्रिस्ती पुस्तक म्हणून वाचले नाही. त्याने चार बहिणींचे घर वाचले, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसईच्या कॅथलिक परिसरातून सिसिलिया कार्व्हालो यांच्यासारख्या लेखिका आल्या. ‘ज्ञानोदय’, ‘निरोप्या’, ‘सुवार्ता’ या नियतकालिकांनी कथांना जागा दिली. अनुपमा उजगरे यांनी कवितेबरोबरच या परंपरेच्या अभ्यासाचेही काम केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा मराठी ख्रिस्ती लेखनाकडे थोडे लक्ष गेले. पण नगर, नाशिक, पुणे आणि वसई या चौकटीबाहेर हे लक्ष क्वचितच जाते.

चौकटीबाहेरच्या भागांपैकी नंदुरबार हा सर्वांत बोलका आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आणि त्यांतले सुमारे ६९ टक्के आदिवासी : भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी, धानका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, हा भाग पश्चिम खानदेशात होता तेव्हा, स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी इथे ठाणी केली. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या या पट्ट्यातले नवापूर स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, आणि इथल्या बायकांचे बोलणेही तसेच दोन्हीकडचे : घरात मावची, बाजारात गुजराती नाहीतर अहिराणी, शाळेत आणि बहुतेक उपासनेत मराठी.

इथे आल्यावर यमुनेची गोष्ट लागू पडत नाही. भिल्लांमध्ये विधवेने दुसरा नवरा करण्याला रूढीची आडकाठी नाही. केशवपन नाही. लग्नात हुंडा नसून देज आहे, म्हणजे पैसा मुलीच्या बापाकडे जातो. विधवेच्या दुःखावर उभी राहिलेली उच्चवर्णीय ख्रिस्ती कादंबरी इथे पायाच हरवून बसते. माहेरही त्या रीतीने तुटत नाही. गावित, वळवी, वसावे, पाडवी, नाईक ही आडनावे ख्रिस्ती घरांची आहेत तशीच देवमोगरा देवीला जाणाऱ्या घरांचीही आहेत. एकाच पाड्यात, कधी एकाच कुळात, एक बहीण रविवारी उपासनेला जाते आणि दुसरी आदिवासी रीतीने इंदल पुजते. दोघी मोहाची फुले वेचायला मात्र एकत्र जातात. धर्मांतरावरून वाद इथेही होतात आणि ते घरांपर्यंत पोहोचतात. पण लक्ष्मीबाईंपुढचा प्रश्न, कोणाच्या हातचे पाणी प्यावे हा, इथल्या बाईपुढे त्या रूपात उभा राहत नाही.

तिच्यापुढचे प्रश्न निराळे आहेत. दारू हा त्यांतला सर्वांत जुना. मोरवडच्या गुला महाराजांनी १९३० च्या दशकात भक्तीच्या मार्गाने दारू सोडायला सांगितले आणि हजारो भिल्ल त्यांच्यामागे गेले. शहाद्याकडे १९७२ नंतर श्रमिक संघटनेच्या काळात आदिवासी बायका गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडू लागल्या आणि मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारू लागल्या. ख्रिस्ती मंडळीतही दारू सोडलेल्या नवऱ्याची हकिगत ही उपासनेतल्या साक्षींची नेहमीची सुरुवात असते. म्हणजे बंगालच्या करुणेचे घर इथे आहे, पण त्याच्यावर देखरेख करणारी मेमसाहेब नाही. शेजारणी आहेत, आणि त्यांत भक्ती, संघटना आणि मंडळी अशा तिन्ही वाटांनी आलेल्या आहेत. दुसरा प्रश्न डाकिणीचा. आजारपण किंवा मृत्यू घडला की एखाद्या एकट्या बाईवर बोट ठेवायचे, तिला मारहाण करायची, गावाबाहेर काढायचे, हे प्रकार २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा झाल्यावरही थांबलेले नाहीत. अशा बाईला आपल्या घरात घेणारी बाई हा कथेचा विषय आहे, आणि तिथे श्रद्धेची खरी कसोटी आहे. तिसरा प्रश्न स्थलांतराचा. पावसाळा सरला की कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात. तिथल्या पालांत बाळंतपणे होतात. नाताळ त्या हंगामातच येतो. सिकलसेलने आजारी मूल, उचल फेडायची राहिलेली आणि भाकरी थापता थापता म्हटलेले गीत, हे सगळे एका दिवसात मावते.

या साहित्याचे इथले मूळ रूप लिखित नाही. उपासनेत उभे राहून दिलेली साक्ष, स्त्रियांच्या सभेत सांगितलेली हकिगत, लग्नातली आणि मयताच्या घरची गाणी यांत ते आहे. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली टिळकांची पदे इथेही म्हटली जातात, पण बायका चाल आपली लावतात. साक्षीला तिची ठरलेली घडण आहे : आधीचे दिवस, संकट, प्रार्थना, पालट. ही घडण कथेला आधार देते आणि तिला अडवतेही, कारण साक्ष नेहमी विजयावर संपते. प्रार्थना करूनही मूल गेले त्या बाईने काय सांगायचे? लक्ष्मीबाईंनी अशा जागा झाकल्या नाहीत. इथल्या लेखिकेला त्यांच्याकडून घ्यायचे असेल तर हे घ्यावे, सोवळ्याओवळ्याचा विषय नव्हे.

भाषेचा पेच खरा आहे. २०११ मध्ये जिल्ह्यातल्या स्त्रियांची साक्षरता ५६ टक्क्यांच्या आसपास होती, आणि ज्या शिकल्या त्या दुसऱ्याच भाषेत शिकल्या. शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी मराठीत लिहून आपल्या लोकांचे अनुभव मराठी कवितेत आणले. बायकांच्या गद्याला अशी वाट मिळायची तर आधी ते बोलले तसे टिपून घ्यावे लागेल, मावचीत आणि पावरीत, चुका न सुधारता. मराठी भाषांतर नंतर करता येईल. हे काम बाहेरच्या अभ्यासकापेक्षा गावातली शिक्षिका, आरोग्यसेविका किंवा पाळकीणबाई चांगले करील. तिला सांगणारीचे घर माहीत असते आणि कुठे थांबायचे हेही. ज्यांनी डोंगरातल्या पहिल्या शाळा, पहिले रुग्णालय आणि दुष्काळाची वर्षे पाहिली त्या बायका आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. ‘ज्ञानोदया’ने १८५५ मध्ये एका शाळकरी मुलीसाठी आपली पाने मोकळी केली होती. आजच्या मराठी नियतकालिकांच्या संपादकांनी, ख्रिस्ती आणि इतरही, नवापूर-अक्राणीच्या बायकांसाठी तेवढी पाने राखावीत.